ओलीसपट मध्यावर का बसतो? एका एडिटरचं उत्तर, 'डॉग डे आफ्टरनून' समोर ठेवून

तुमचा प्रश्न आधी माझ्या भाषेत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तुमचा ओलीसपट, म्हणजे लोकांना ओलीस धरून ठेवण्यावरचा सिनेमा, असा आहे: तालुक्याच्या गावातली पतसंस्था, ठेव अडकलेला एक साधा माणूस गावठी कट्टा घेऊन आत शिरतो, शटर पाडतो, चौदा लोक आत अडकतात, बाहेर पोलीस आणि बघे. स्क्रिप्टची पहिली पंचवीस-तीस पानं सगळ्यांना आवडली, पण त्यानंतर 'लूज पडतंय' असं वाचणारा प्रत्येक जण म्हणतोय. निर्माते म्हणतायत एखादा ओलीस मारून टाका नाहीतर हीरोचा फ्लॅशबॅक घाला, बाकी म्युझिकने सावरून घेऊ. आणि तुम्ही विचारताय की जे ओलीसपट खरंच धरून ठेवतात ते दोन तास एका खोलीत बसून नेमकं काय करतात.

मी एडिटर आहे, मराठी सिनेमे आणि हिंदी वेब सिरीज दोन्ही करते, आणि बंद जागेतले थ्रिलर माझ्याकडे बऱ्यापैकी येतात. त्यामुळे मी जे सांगणार ते एडिटवर बसून दिसतं ते, दिग्दर्शकाला विचारलंत तर तो कदाचित दुसऱ्या टोकाने सुरुवात करेल. तुमची स्क्रिप्ट मी वाचलेली नाही, फक्त तुम्ही दिलेला सारांश वाचलाय, आणि बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात काय आहे यावर ठरतात. शूटिंगचे दिवस किती, मुख्य भूमिकेत कोण, थिएटरला लावायचाय की ओटीटीला द्यायचाय. दहा मिनिटांचा सीन एका दमात पेलणारा नट मिळाला तर स्क्रिप्टमध्ये तुम्ही जास्त श्वास घेऊ शकता, नाही मिळाला तर तोच सीन चार तुकड्यांत लिहावा लागतो. ओटीटीला असेल तर पहिल्या दहा मिनिटांवर जास्त मेहनत लागते कारण तिथे बघणाऱ्याचा अंगठा रिमोटवर असतो.

पण दुखणं कुठे आहे ते मला सारांशावरूनही दिसतंय, आणि ते स्पीडचं नाही. बंदूक पडद्यावर फार लवकर शिळी होते. पहिल्यांदा बाहेर येते तेव्हा पोटात गोळा येतो, दहाव्या मिनिटाला आपण सरावतो, चाळिसाव्या मिनिटाला ती नुसती हातातली वस्तू असते. तुमच्या सारांशात तिसाव्या पानानंतर तो माणूस ओरडतो, धमकी देतो, पोलीस समजावतात, तो परत ओरडतो, परत धमकी. म्हणजे प्रत्येक सीनच्या शेवटी सगळे जिथे होते तिथेच आहेत. प्रेक्षकाला हे शब्दात सांगता येत नाही, तो फक्त 'लूज आहे' म्हणतो.

ओलीसपट चालतो घासाघिशीवर, हे मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक सीनमध्ये कुणीतरी काहीतरी मागतं, त्या बदल्यात काहीतरी सोडतं, आणि सीन संपताना कुणाच्या तरी हातात मघापेक्षा कमी उरलेलं असतं. पिझ्झा, पाणी, एसी, फोन, डॉक्टर, एक ओलीस, एक खोटं आश्वासन. हे सगळं चलन आहे. हे चलन फिरतंय तोवर प्रेक्षक हलत नाही, अडकलं की तो मोबाइल बघायला लागतो.

आता उदाहरण. सिडनी ल्युमेटचा 'डॉग डे आफ्टरनून', १९७५ सालचा. बघितला नसेल तर आधी बघा आणि मग पुढचं वाचा कारण मी शेवटही सांगणार आहे. २२ ऑगस्ट १९७२ ला ब्रुकलिनमध्ये चेस मॅनहॅटन बँकेच्या एका शाखेत खरंच घडलेल्या दरोड्यावर तो बेतलाय, ते प्रकरण जवळपास चौदा तास चाललं होतं. हजारदा कौतुक झालेला सिनेमा आहे, पण तुमच्यासाठी तो अजून एका कारणाने उपयोगी आहे, त्यातला दरोडेखोरही तुमच्या माणसासारखाच धंदेवाईक गुन्हेगार नाहीये.

सुरुवात बघा. तीन जण बँकेत शिरतात. सॉनी म्हणजे अल पचिनो फुलांच्या लांब खोक्यातून रायफल काढायला जातो आणि ती धड निघतच नाही. दोन मिनिटांत तिघांपैकी एकाचा धीर सुटतो, मला जमणार नाही म्हणतो, आणि सॉनी त्याला जाऊ देतो, फक्त गाडी नेऊ नको म्हणतो, तर तो विचारतो मग मी घरी कसा जाऊ. तिजोरी उघडतात तर आत जेमतेम अकराशे डॉलर, बाकीची कॅश आधीच गेलेली. मग सॉनी रजिस्टर जाळायला जातो, त्याचा धूर बाहेर जातो, समोरच्या माणसाला संशय येतो, आणि थोड्या वेळात बँकेतला फोन वाजतो. पलीकडे पोलीस, रस्त्याच्या समोरच्या बाजूने बोलतायत.

म्हणजे दरोडा म्हणून हा सिनेमा पहिल्या वीस मिनिटांतच संपलेला आहे. पैसे नाहीत, साथीदार पळाला, बाहेर अख्खी पोलीस फोर्स. पुढचे दीड-पावणेदोन तास सिनेमा नुसता एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे की इथून बाहेर कसं पडायचं आणि त्यासाठी कुणाला काय द्यायचं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये त्या माणसाचा प्लॅन साठाव्या पानापर्यंत व्यवस्थित चालतो, आणि माझ्या मते तीच गडबड आहे. प्लॅन बरोबर चालतो तेव्हा प्रेक्षक नुसता बघत बसतो, प्लॅन फसल्यावर तो स्वतः डोकं लावायला लागतो, आता मी असतो तर काय केलं असतं.

सिनेमातला एक क्षण मला फार जवळून दाखवायचाय. सॉनीने पोलिसांना धमकी दिलीय की गडबड केलीत तर मृतदेह बाहेर फेकेन. आपल्याला माहितीय हा बोलतोय नुसता, याच्याने काही होणार नाही. मग दुसरा साथीदार सॅल, जॉन कॅझालने केलेला, त्याला शांतपणे विचारतो की तू ते मृतदेह फेकायचं बोललास ते खरंच म्हणत होतास का. सॉनी सांगतो की तिकडच्यांना तसं वाटायला पाहिजे. आणि सॅल म्हणतो, कारण माझी तयारी आहे. आवाज चढवत नाही, बंदूक हलवत नाही, चेहऱ्यावर काही नाही. पचिनो एक क्षण नुसता त्याच्याकडे बघतो.

त्या एका संवादाने पुढच्या अख्ख्या सिनेमाचा धोका तयार होतो. आता आपल्याला एक गोष्ट माहितीय जी बाहेरच्या पोलिसांना माहीत नाही, आतला एक जण खरंच मारू शकतो आणि तो बोलणाऱ्यापैकी नाहीये. त्यानंतर सॉनी जेव्हा जेव्हा बाहेर रस्त्यावर जातो तेव्हा आपलं अर्धं लक्ष मागे सॅलकडे असतं. कॅझालला त्यासाठी एकदाही ओरडावं लागत नाही. तुमच्या निर्मात्यांचा 'एक ओलीस मारा' हा उपाय यासमोर ठेवून बघा. या सिनेमात एकही ओलीस मरत नाही, गोळीबार म्हणावा असा जवळजवळ नाहीच, आणि तरी शेवटपर्यंत कोणीतरी मरेल अशी भीती जात नाही. ओलीस मारला की भीती एकदम वर जाते आणि लगेच विरते, शिवाय त्या माणसाबद्दलची सहानुभूती गेली ती गेली. तुमचा नायक तर ठेवीदार आहे, त्याच्या हातून कॅशियर मेला तर प्रेक्षक उरलेला सिनेमा त्याच्या अटकेची वाट बघत काढेल.

आता घासाघिशीकडे. खऱ्या आयुष्यात ओलिसांच्या वाटाघाटी करणारे पोलीस याच तत्त्वावर काम करतात. न्यूयॉर्क पोलिसांनी हे रीतसर शास्त्र म्हणून बसवलं ते १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक हत्याकांडानंतर (तिथे इस्रायली खेळाडूंना ओलीस ठेवलं होतं), हार्वी श्लॉसबर्ग हा मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेला डिटेक्टिव्ह आणि फ्रँक बोल्झ या दोघांचं त्यात मोठं काम आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं, वेळ आपल्या बाजूने आहे, घाई करू नका, बोलत राहा, आणि फुकट काही देऊ नका, जेवण दिलं तर बदल्यात माणूस मागा. सिनेमातली घटना त्याच्या थोडी आधीची, त्यामुळे त्यातला डिटेक्टिव्ह सार्जंट मोरेटी, चार्ल्स डर्निंग, अंदाजाने वाटाघाटी करतोय आणि घामाघूम झालाय. त्याचे अर्धे श्रम स्वतःच्याच पोलिसांना आवरण्यात जातात. सॉनी दाराबाहेर येतो तेव्हा सगळीकडून बंदुका ताणलेल्या असतात आणि मोरेटी आपल्याच माणसांवर ओरडत फिरतो की मागे व्हा, खाली घ्या. धोका एकाच बाजूला नाहीये, हे तुम्ही तिथे बघा. बाहेरच्यांपैकी कुणाचंही बोट चुकून दाबलं गेलं तर संपलं.

आणि त्याच सीनमध्ये तिसरी बाजू येते, गर्दी. सॉनी रस्त्यावर येरझाऱ्या घालत 'अ‍ॅटिका, अ‍ॅटिका' ओरडतो आणि जमलेले लोक त्याच्या बाजूने पेटतात. आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९७१ मध्ये, अ‍ॅटिका तुरुंगात कैद्यांनी उठाव केला होता आणि तो मोडताना झालेल्या गोळीबारात कैदीही मेले आणि ओलीस ठेवलेले कर्मचारीही मेले. न्यूयॉर्कच्या प्रत्येक माणसाला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता, पोलीस आत घुसले की ओलीसही मरतात. हा शब्द स्क्रिप्टमध्ये नव्हता, सेटवर आयत्या वेळी आला. पण त्याने समीकरण किती बदललं बघा. आता पोलिसांना कॅमेऱ्यांसमोर आणि गर्दीसमोर गोळी घालता येत नाही, आणि सॉनीला पहिल्यांदाच वाटतं की आपण कुणीतरी आहोत. तुमच्या स्क्रिप्टमध्ये बाहेर बघे आहेत पण ते नुसते उभे आहेत. त्या पतसंस्थेत बुडालेले बाकीचे ठेवीदार त्या गर्दीत असणारच ना, त्यांना त्याच्याबद्दल काय वाटतं? काही जण त्याच्या बाजूने घोषणा देतील, आणि एखादी बाई म्हणेल की याच्यामुळे आमचे आता मिळायचे तेही मिळणार नाहीत. ती बाई तुम्हाला चार पानांचा सीन देऊन जाईल.

फ्लॅशबॅकबद्दल माझं मत ठाम आहे, या प्रकारात नको. बंद जागेचा सगळा जोर दार बंद असण्यात असतो, आणि फ्लॅशबॅक म्हणजे प्रेक्षकाला मागच्या दाराने बाहेर नेऊन गार पाणी पाजणं. परत आत आल्यावर परत तापायला वेळ लागतो. 'डॉग डे'मध्ये सॉनीचा भूतकाळ दाखवायचा नाहीये असं नाही, तो भरपूर आहे, फक्त तो चालत येतो. सिनेमा बऱ्यापैकी पुढे गेल्यावर पोलीस त्याच्या मागणीवरून लिऑनला आणतात, ख्रिस सॅरंडन, हॉस्पिटलच्या कपड्यांत, आणि तेव्हा आपल्याला कळतं की सॉनीला पैसे लिऑनच्या लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी हवे होते. त्याची लग्नाची बायको फोनवर येते. आई तर प्रत्यक्ष रस्त्यावर येते. प्रत्येक माणूस येताना स्वतःची मागणी घेऊन येतो, त्यामुळे भूतकाळ कळतो आणि त्याच वेळी घासाघीसही पुढे सरकते.

लिऑनचा फोन बघा. सॉनीला निरोप घ्यायचाय, प्रेमाचं बोलायचंय. लिऑनला वेगळंच हवंय, तो पोलिसांच्या गराड्यात बसलाय, पोलीस ऐकतायत, आणि त्याला सॉनीच्या तोंडून हे वदवून घ्यायचंय की या दरोड्याशी लिऑनचा काही संबंध नव्हता. सॉनीला कळतं की ऐकणारे आणखी आहेत, आणि तो ते बोलतो. म्हणजे एवढा हळवा सीन, पण आत चक्क सौदा चाललाय, एकाला माया हवीय आणि दुसऱ्याला क्लीन चिट, आणि पहिला आपल्याकडची शेवटची गोष्ट देऊन टाकतो. ल्युमेटने लिहून ठेवलंय की हा फोन आणि लगेच येणारा बायकोचा फोन त्याला सलग एका टेकमध्ये हवे होते. त्या काळी कॅमेऱ्यात हजार फुटांचं रीळ बसायचं, ते साधारण अकरा मिनिटांत संपतं, म्हणून त्याने दुसरा कॅमेरा लावला, पहिल्याचं संपायच्या आत दुसरा सुरू. आणि टेक संपल्या संपल्या नटाला उसंत न देता परत करायला लावलं, कारण सॉनी तेव्हा थकून गेलेला असायला हवा होता. ती थकावट पडद्यावर दिसते, ती एडिटमध्ये तयार करता येत नाही, हे मी माझ्या कामावरून सांगते.

एडिटिंगचा विषय निघालाच आहे तर तुम्हाला लिहिताना उपयोगी पडेल अशी एक सवय सांगते. बंद जागेचा थ्रिलर हातात आला की मी प्रत्येक सीनची एक चिठ्ठी करून भिंतीवर लावते. त्यावर कोण काय मागतंय, कोण काय देतंय, आणि सीननंतर कुणाकडे काय उरलं एवढंच. सलग दोन चिठ्ठ्यांवर 'काय उरलं' सारखंच आलं की त्यातला एक सीन जातो, कितीही छान शूट झालेला असू दे. तुम्ही हे पेपरवरच करू शकता, तुमचा खर्च वाचेल. आणि फोनचे सीन लिहिताना कोण ऐकतंय ते लिहा. ओलीसपटात एडिटर जास्त वेळ ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबतो, कारण बोलणारा काय म्हणतोय ते आवाजात येतंच, पण त्या वाक्याची किंमत काय झाली ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कळतं. स्क्रिप्टमध्ये ऐकणाऱ्यासाठी काही लिहिलेलंच नसेल तर नट नुसता फोनकडे बघत बसतो आणि माझ्याकडे कट करायला काही नसतं.

'डॉग डे'ची एडिटर डीडी अ‍ॅलन, आमच्या धंद्यात फार मोठं नाव. तिने बराच सिनेमा शांत ठेवलाय, माणसांना बोलू दिलंय, आणि मग एका ठिकाणी बँकेच्या मागच्या बाजूने पोलिसांची चाहूल लागते आणि सॉनी तिकडे गोळी झाडतो. त्या एका गोळीवर आत, बाहेर, गर्दी, पोलीस असे भराभर कट येतात, डोळ्याला नीट धरता येत नाहीत इतके. आधी संथ होतं म्हणून तो स्फोट अंगावर येतो. सगळा सिनेमा तसाच कापला असता तर त्या गोळीला काही किंमत उरली नसती. म्हणून कुणी तुम्हाला 'सीन छोटे करा, कट वाढवा' म्हटलं तर आधी विचारा कुठल्या जागेसाठी.

म्युझिक. सुरुवातीला उन्हाळ्यातलं ब्रुकलिन दिसतं त्यावर एल्टन जॉनचं एक गाणं आहे, ते गाडीच्या रेडिओवरचं निघतं, रेडिओ बंद होतो आणि त्यानंतर अख्ख्या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. पंखे, फोनची घंटा, हेलिकॉप्टर, गर्दी, एवढंच. पोलीस एसी बंद पाडतात आणि आतल्यांचा घाम दिसायला लागतो, तेच तिथलं म्युझिक. (शूटिंग थंडीच्या तोंडावर झालं होतं आणि तोंडातून वाफ दिसू नये म्हणून नट बाहेरच्या सीनआधी तोंडात बर्फ ठेवायचे, उकाडा खरा वाटावा म्हणून एवढं केलं लोकांनी.) तुम्हाला म्युझिक अजिबातच नको असं मी म्हणणार नाही, वितरक ऐकणार नाहीत आणि आपल्याकडे थोडी सवय वेगळी आहे. पण 'म्युझिकने सावरून घेऊ' या भरवशावर सीन लिहू नका. मी रफ कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जुळणी, कायम म्युझिकशिवाय बघते, तिथे जो सीन उभा राहत नाही त्याला एकसुरी घुमणारा सूर आणि ठोके लावून फक्त आवाज मोठा होतो.

आता मध्यावरचा बदल, जो तुमच्याकडे नाही आणि मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त त्याचीच गरज आहे. मोरेटी आणि सॉनी यांचं एक नातं तयार होतं, ओरडतात, चिडतात, पण एकमेकांना ओळखायला लागतात. आणि मग सूत्रं एफबीआयच्या शेल्डनकडे जातात. हा ओरडत नाही, चिडत नाही, हातवारे नाहीत. समोरचा माणूस बदलला की आधी जोडलेलं सगळं शून्य होतं आणि आपल्याला आत कुठेतरी कळतं की हा सॉनीला वाचवायला आलेला नाही. तुमच्याकडे हे अगदी सहज बसेल. सुरुवातीला तालुक्याचा पीआय, म्हणजे पोलीस इन्स्पेक्टर, जो त्या माणसाला तोंडओळखीने का होईना ओळखतो, 'अरे तू असा का करायला लागलास' या सुरात बोलतो. अर्ध्यावर जिल्ह्याहून एसपी येतात, सोबत तयारीची टीम, आणि पीआयने दिलेले शब्द कुणावर बंधनकारक राहत नाहीत. पीआय तिथेच उभा आहे पण आता त्याला बोलायची परवानगी नाही. मला विचाराल तर तुमचा तिसाव्या पानानंतरचा खड्डा इथेच भरेल.

शेवटही तुम्ही नीट अभ्यासा. शेल्डन सॉनीला आत येऊन हळूच सांगतो की तू शांत राहा, सॅलचं आम्ही बघून घेऊ. सॉनी नकार देत नाही आणि होकारही देत नाही, फक्त त्याचा चेहरा. इथून पुढे त्याच्याकडे एक गुपित आहे जे तो आपल्या साथीदाराला सांगत नाही, किंवा स्वतःलाही सांगत नाही. सॉनीने पळून जायला विमान मागितलेलं असतं, मग विमानतळावर जायला गाडी येते, ड्रायव्हर एफबीआयचाच माणूस. तो सॅलला अगदी सौजन्याने सांगतो की बंदूक वरच्या दिशेला धर, गचका बसला तर चुकून उडायची. वाटेत, तिथे पोचल्यावर, परत तेच. काळजीचं बोलणं वाटतं. सॅल कधी विमानात बसलेला नाही, घाबरलाय, ओलिसांपैकी सुटणारी एक बाई त्याच्यासाठी आपली जपमाळ देते. आणि विमान समोर आलेलं असताना ड्रायव्हर लपवलेलं पिस्तूल काढतो आणि सॅलला गोळी घालतो. एका सेकंदाचा खेळ. 'बंदूक वर धर' ही शेवटची देवाणघेवाण होती आणि सॅलने ती विनातक्रार मान्य केली. प्रत्यक्ष घटनेतही दुसरा दरोडेखोर विमानतळावरच मारला गेला होता, तो अवघ्या अठरा वर्षांचा होता, सिनेमात चाळिशीला टेकलेल्या कॅझालला घेतलं. शेवट आपल्याला माहीत असतानासुद्धा तो सीन प्रत्येक वेळी तितकाच जड जातो, कारण तिथे धक्का नाहीये, हळूहळू जवळ येणारी गोष्ट आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 'नीरजा', २०१६ चा, ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत झालेल्या पॅन अ‍ॅमच्या अपहरणावरचा. काय होणार हे तिकीट काढतानाच माहीत असतं. तरी पासपोर्ट गोळा करायचा सीन बघा. अतिरेक्यांना अमेरिकन प्रवासी शोधायचेत, हवाई सुंदरींना पासपोर्ट जमा करायला लावलंय, आणि त्या अमेरिकन पासपोर्ट लपवत जातायत. गोळी नाही, आरडाओरडा नाही, फक्त हात, पिशवी, आणि सीटखाली सरकवलेली छोटी वस्तू. मोठ्या धोक्यापेक्षा हातातल्या छोट्या कामावर प्रेक्षकाचा श्वास जास्त अडकतो. तुमच्या कॅशियरला असं एखादं काम द्या जे त्याला त्या माणसाच्या डोळ्यादेखत, त्याला न कळता, पूर्ण करायचंय.

मध्येच थोडक्यात सांगायचं तर प्लॅन लवकर फसवा, खरी भीती एका शांत माणसात ठेवा, भूतकाळ दाराशी चालत येऊ द्या, वाटाघाटी करणारा अर्ध्यावर बदला. एक अडचण आहे, तुमचा माणूस एकटाच आत शिरतो, त्याला सॅल नाही. मग तो शांत धोका दुसरीकडून यायला हवा. तो बाहेरच्या पोलिसांत असू शकतो, किंवा ओलिसांतच असू शकतो, म्हणजे असा कुणी ज्याला पतसंस्थेतलं काहीतरी बाहेर येऊ द्यायचं नाहीये आणि त्यासाठी हे प्रकरण गोळीनेच संपलं तर त्याला चालणार आहे. संचालकांपैकी कुणी त्या दिवशी आत असेल तर बघा. हे तुमच्या कथेवर आहे, मी बाहेरून सांगतेय.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, चौदा ओलीस सांभाळायचे कसे. चौदा जण खोलीत असू द्यात, पण नावं पाच-सहांनाच द्या आणि त्या प्रत्येकाला नायकाकडून काहीतरी हवं असू द्या. 'डॉग डे'मध्ये बँकेतली मुख्य कॅशियर सिल्व्हिया एकदा बाहेर येते, पोलीस तिला थांब म्हणतात, आणि ती परत आत जाते कारण तिच्या मुली, म्हणजे हाताखालच्या कर्मचारी, आत आहेत. मॅनेजरला डायबेटिस आहे, डॉक्टर येतो, तरी तो जायला तयार होत नाही. ही माणसं नुसती घाबरून बसलेली नाहीत, आपापला निर्णय घेतायत, त्यामुळे त्यांच्यावर कॅमेरा नेला की सीन तयार होतो. तुमच्याकडे तर पिग्मी एजंट आहे, जो वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी याच माणसाच्या दुकानावर येऊन पैसे घेऊन जायचा, चहा प्यायचा, घरच्यांची चौकशी करायचा. सारांशात तुम्ही त्याला नवव्या नंबरच्या ओलिसासारखं एका ओळीत उरकलंय. त्याला पहिल्या तीन मिनिटांत आत आणा, नायकाच्या अगदी जवळ बसवा, आणि नायकाला त्याच्याकडून काय हवंय ते आधी ठरवा, पैसे, माफी, की कुणाचं तरी नाव. ते ठरलं की तिसाव्या पानापासून पुन्हा लिहायला बसा, आणि नवा ड्राफ्ट झाला की त्या चिठ्ठ्यांसकट पाठवा, मी वाचेन.